निजामाची विमाने

सीमाभागातल्या माणसाला स्वतःचा इतिहास सांगताना एक अडचण नेहमी येते. पुण्या-मुंबईच्या पुस्तकात आपण शेवटच्या प्रकरणात असतो, बंगळूरच्या पुस्तकात तळटीपेत, आणि हैदराबादच्या पुस्तकात आपण होतो हे तिथल्याही लोकांना आता आठवत नाही. बीदर, भालकी, औराद, उदगीर, देगलूर या गावांतल्या आपल्या आजोबांची राजधानी हैदराबाद होती. कोर्टकचेरी तिथे, दवाखाना तिथे, लग्नाचा बस्ता तिथे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्या राज्याचे भाषेनुसार तीन वाटे झाले. शेतीवाडी वाटली गेली तसा इतिहासही वाटला गेला. पण ज्या वस्तूंवर कुणाचेच नाव नीट लिहिलेले नव्हते, त्या मधल्या ओसरीवर तशाच पडून राहिल्या. त्यांपैकी एका वस्तूविषयी मी आज लिहिणार आहे. ती वस्तू म्हणजे विमान.

हैदराबाद आणि विमान म्हटले की वाचक कपाळाला आठ्या घालतील. हैदराबाद म्हटले की चारमिनार, बिर्याणी, फार तर रझाकार. पण या राज्याचा लढाऊ विमानांशी आलेला संबंध मोठा विलक्षण आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या बीदरच्या माळावरून जातो. मला हा धागा सापडला सुलतान बाजारात.

इतिहासात एम. ए. करण्यासाठी मी १९९० साली हैदराबादला गेलो तेव्हा मामांकडे राहिलो. सुलतान बाजाराच्या आतल्या गल्लीत एका जुन्या वाड्यात, माडीवर त्यांच्या दोन खोल्या होत्या. खाली बांगड्यांची आणि साड्यांची दुकाने, सकाळपासून हातगाड्यांची आरडाओरड, आणि मराठी, तेलुगू, दक्खिनी, मारवाडी अशा चार भाषा एकाच वाक्यात बोलणारी माणसे. या बाजाराचे मूळ नाव रेसिडेन्सी बाजार. जवळच कोठीला इंग्रज रेसिडेंटचा तो भव्य खांबांचा वाडा. कर्कपॅट्रिक नावाच्या रेसिडेंटने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो उभा केला. पुढे त्यात मुलींचे कॉलेज आले, आता तर महिला विद्यापीठ झाले आहे. रेसिडेन्सीभोवतीच्या या वस्तीत निजामाचा नव्हे, इंग्रजांचा अंमल चाले. १९३३ साली इंग्रजांनी हा भाग निजामाला परत दिला आणि मग त्याचा सुलतान बाजार झाला.

ही गोष्ट वरवर कारकुनी वाटते, पण तशी नाही. निजामी अंमलात सभा घ्यायची तर परवानगी लागे. त्या कुप्रसिद्ध ‘गश्ती निशान ५३’ची आठवण जुन्या मंडळींना अजून आहे. रेसिडेन्सीच्या हद्दीत मात्र श्वास थोडा मोकळा घेता येई. म्हणून आर्य समाज इथे उभा राहिला, तेलुगूंचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम १९०१ साली इथेच निघाले, आणि केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा काढली तीही याच परिसरात. मराठी माणसाने हैदराबादेत आपली भाषा जपली ती या दीड-दोन मैलांच्या पट्ट्यात. मामा मात्र भाषेच्या चळवळीतले नव्हते. ते बेगमपेठच्या विमानतळावर विमाने दुरुस्त करून नुकतेच निवृत्त झाले होते.

मामांकडे येण्यापूर्वी विमान ही माझ्या दृष्टीने आवाज करणारी वस्तू होती. बीदरला हवाई दलाचे शिक्षण केंद्र असल्यामुळे आमच्या लहानपणी डोक्यावरून दिवसभर एका पंख्याची छोटी विमाने घरघरत जात. शिकाऊ पोरे त्यांत बसतात एवढे ठाऊक होते. मामांनी मला आवाज ओळखायला शिकवले. रविवारी अबिदच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरे (अजूनही भरतो), तिथून आम्ही विमानांवरची जुनी मासिके किलोच्या भावाने उचलून आणत असू. त्यांतल्या एका मासिकात मी पहिल्यांदा वाचले की इंग्रजांच्या हवाई दलात ‘हैदराबाद’ नावाची तुकडी होती. एक नव्हे, तीन.

हे कसे झाले ते सविस्तर सांगायला हवे.

पहिले महायुद्ध सुरू असताना सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने इंग्रजांना युद्धासाठी सढळ हाताने पैसा दिला. त्यातून हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीला विमाने मिळाली. डी.एच. ९ ए या जातीची ही दुपंखी विमाने. सांगाडा लाकडाचा, त्यावर कापड ताणून रोगण चढवलेले, आणि नाकात चारशे अश्वशक्तीचे अमेरिकन लिबर्टी इंजिन. पंखांची लांबी सुमारे सेहेचाळीस फूट. पुढे वैमानिक, त्याच्या पाठीमागे दुसरा माणूस. त्याने नकाशा पाहायचा, बाँब टाकायचे आणि मागून शत्रू आला तर उघड्यावर उभे राहून बंदूक चालवायची. दहा-पंधरा हजार फुटांवरच्या थंडीत, वर छप्पर नाही, हवाई छत्री नाही. प्रत्येक विमानाच्या अंगावर हे विमान हैदराबादच्या निजामाने दिले आहे असा मजकूर आणि हैदराबादचा क्रमांक रंगवलेला असे. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर देणगीदाराचे नाव कोरतात ना, तसेच.

१९१८ च्या ऑगस्टअखेर ही तुकडी फ्रान्समध्ये उतरली आणि जर्मन शहरांवर दिवसाढवळ्या बाँब टाकू लागली. युद्ध ११ नोव्हेंबरला संपले. म्हणजे तिला जेमतेम अडीच महिने मिळाले. तेवढ्यात तिचे अतोनात नुकसान झाले. २१ ऑक्टोबरच्या एका मोहिमेत सात विमाने परत आली नाहीत. आपल्या राज्याचे नाव अंगावर घेऊन ती जर्मनीच्या शेतांत आणि जंगलांत पडली, आणि इकडे नळदुर्ग-निलंग्याच्या शेतकऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

आता खर्चाचे. निजामाचा खजिना दिवाणी असो की सर्फेखास, त्यात येणारा पैसा मुख्यतः जमिनीचाच. १९१८ हे साल कसे होते ते आपल्या घराघरांत सांगितले जाई: पावसाने दगा दिलेला, आणि वरून इन्फ्लुएन्झाची साथ. त्या वर्षी सरकारकडून राजाला दोन पदव्या मिळाल्या. ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ ही एक, आणि ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त, ‘यारे वफादार’, ही दुसरी. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठही स्थापन झाले. राजा एका हाताने उर्दूतून शिक्षण देणारे विद्यापीठ उभारत होता आणि दुसऱ्या हाताने राइनकाठी बाँब टाकणारी विमाने. माझे मत विचाराल तर दोन्हींचा खर्च आपल्या ज्वारीतून गेला. त्यातल्या विद्यापीठाचा उपयोग तेवढा आपल्याला झाला, तोही परक्या माध्यमामुळे अर्धाच.

या तुकडीतल्या एका विमानाची पुढची कथा ऐकण्यासारखी आहे. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी एफ १०१० क्रमांकाचे विमान जर्मन हद्दीत उतरवावे लागले. आतले दोघे युद्धकैदी झाले आणि विमान जर्मनांच्या हाती लागले. त्यांनी ते मोडले नाही. विजयचिन्ह म्हणून जपून ठेवले, पुढे बर्लिनच्या मोठ्या विमानसंग्रहालयात मांडले. दुसऱ्या महायुद्धात त्या संग्रहालयावरच बाँब पडले, तेव्हा उरलासुरला संग्रह पूर्वेकडे हलवला गेला. युद्ध संपले तेव्हा ती जागा पोलंडमध्ये आलेली, आणि निजामाचे विमान क्राकोच्या संग्रहालयात, पंख गमावून नुसत्या धडाने पडून. १९७७ साली इंग्रजांनी ते परत मिळवले. बदल्यात पोलंडला एक स्पिटफायर विमान दिले. पंख नव्याने घडवून, कापड चढवून ते विमान लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात उभे केले आहे. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी लंडनला नोकरी करतो. त्याला मी मुद्दाम पाठवले. त्याने काढलेले छायाचित्र आता माझ्या टेबलावरच्या काचेखाली आहे. त्यात ‘हैदराबाद’ ही अक्षरे वाचता येतात. जन्म इंग्लंडचा, पैसा आपला, कैद जर्मनीची, वनवास पोलंडचा. एवढा प्रवास तर आपल्या भागातल्या कोणत्याही बदली झालेल्या मास्तरालाही घडला नसेल.

अशा जुन्या विमानांच्या मागे वेडे होणाऱ्यांची एक जमातच जगात आहे, आणि ती हिंदुस्थानच्या अडगळीवर डोळा ठेवून असते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी हिंदुस्थानला शंभर जुनी विमाने भेट दिली होती. त्यातली काही बिकानेरच्या महाराजांकडे गेली. राजवाड्यातले सामान म्हणून ती पडून राहिली, आणि एकविसावे शतक उजाडता उजाडता एका इंग्रज शौकिनाला बिकानेरच्या हत्तीखान्यात डी.एच. ९ या विमानांचे सांगाडे सापडले! त्याने ते विकत घेऊन इंग्लंडला नेले. एक संग्रहालयात ठेवले आणि दुसरे वर्षानुवर्षे खपून उडण्याजोगे केले. २०१९ साली ते खरोखरच उडाले. हत्तीखान्यातल्या लाकडाला वाळवी लागते तशी आपल्या उदासीनतेलाही लागती तर बरे झाले असते.

दुसऱ्या महायुद्धात निजामाने पुन्हा हात सैल सोडला. या वेळी दोन तुकड्यांना हैदराबादचे नाव मिळाले. १५२ क्रमांकाची तुकडी स्पिटफायर विमानांवर १९४० साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लढली. तिच्या बोधचिन्हावर निजामाची दस्तार आणि खाली ब्रीद ‘विश्वासू दोस्त’. दुसरी २५३, हरिकेन विमानांची. जुनी ११० तर युद्धाच्या दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, जर्मन आरमारावरच्या पहिल्या हल्ल्यात होती. पुढे ती हिंदुस्थानात आली आणि ब्रह्मदेशच्या जंगलावर व्हेंजन्स नावाच्या सूर मारून बाँब टाकणाऱ्या विमानांनी लढली. १५२ देखील ब्रह्मदेशात आली. तिच्या विमानांवर झेप घेणारा काळा बिबळ्या रंगवलेला असे. याच काळात, १९४२ साली, आपल्या बीदरच्या माळावर हवाई शिक्षणासाठी धावपट्टी झाली. म्हातारे लोक तिला ‘लढाईतला माळ’ म्हणत.

युद्ध संपले आणि डाकोटा विमाने भंगाराच्या भावात मिळू लागली. निजाम स्टेट रेल्वेने टाटांच्या विमान कंपनीच्या साहाय्याने १९४५ मध्ये ‘डेक्कन एअरवेज’ काढली. मद्रास, बंगळूर, मुंबई, दिल्ली अशी तिची विमाने जात; दिल्लीच्या वाटेवर नागपूरला थांबा. संस्थानाच्या रेल्वेने विमान कंपनी चालवावी हा प्रकारच अजब. पण याच कंपनीने एक मोठे काम केले. प्रेम माथुर या बाईंना व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळाला होता, पण बाईला विमान द्यायला कुणी तयार नव्हते. त्यांना नोकरी दिली ती डेक्कन एअरवेजने. स्वतंत्र भारतातली पहिली व्यावसायिक महिला वैमानिक हैदराबादच्या कंपनीत उडाली, हे बेगमपेठच्या जुन्या कामगारांना मोठ्या मानाचे वाटे. मामा सांगत, ‘बाई विमानात चढण्याआधी स्वतः खाली वाकून चाके बघत, असं उस्ताद नेहमी म्हणायचे.’

मामा १९५० साली, एकोणीस वर्षांचे असताना, या कंपनीच्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागले. सुलतान बाजारातून हुसेनसागराच्या कडेने सायकलवर बेगमपेठ. त्यांचे उस्ताद एक मुसलमान मिस्त्री होते. मामांच्या तोंडून विमानाच्या इंजिनाचे वर्णन ऐकणे म्हणजे कीर्तन ऐकण्यासारखे. डाकोटाच्या प्रत्येक इंजिनाला चौदा सिलिंडर, सात-सातच्या दोन रांगांत गोल मांडलेले. विमान रात्रभर उभे राहिले की तेल ओघळून खालच्या सिलिंडरांत जमते. सकाळी तसेच बटण दाबले तर दट्ट्या वर येतो, तेल काही दबत नाही, आणि आतली दांडी वाकते किंवा मोडते. म्हणून आधी पंख्याची पाती हाताने, मोजून फिरवायची. हाताला जरा अडखळल्यासारखे वाटले की थांबायचे, प्लग काढून तेल उतरवायचे. ‘जोर लावला तर इंजिन गेलं म्हणून समज. हात बोलतो तिथं कान द्यायचा.’ प्रत्येक नट बसवल्यावर त्याला भोकातून तार ओवून पीळ द्यायचा, म्हणजे थरथरीने तो सैल होत नाही. ही तार उलट्या बाजूने ओवली की उस्ताद अख्खे काम उसवायला लावत. मामांनी एकदा घाईचे कारण सांगितले तेव्हा उस्तादांनी विचारले होते, ‘ऊपर जाने के बाद पाना किदर से लाते, पंडत?’

१ ऑगस्ट १९५३ रोजी डेक्कन एअरवेजसह आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली. मामांचा पगार केंद्र सरकारी झाला. उस्ताद आणि पाना तेच राहिले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. १९४८.

भारत सरकारने हैदराबादची नाकेबंदी केली होती आणि निजामाला शस्त्रे हवी होती. तेव्हा सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन पुढे आला. हा माणूस साधासुधा तस्कर नव्हता. दुसऱ्या महायुद्धापूर्वी आपल्या खाजगी विमानात गुप्त कॅमेरे बसवून त्याने जर्मनीचे लष्करी तळ टिपले होते. शस्त्रे काढून हलके केलेले स्पिटफायर उंचावरून फोटो काढू शकते हे इंग्रज हवाई दलाला पटवणारा तोच. विमानाचे वेड, धाडस आणि पैशाची हाव या तीन गोष्टी एका माणसात किती गुण्यागोविंदाने नांदू शकतात याचे तो उत्तम उदाहरण. त्याने लँकास्ट्रियन जातीची विमाने मिळवली. लँकास्टर या चार इंजिनांच्या प्रचंड बाँबफेकी विमानाला प्रवासी रूप दिले की लँकास्ट्रियन होते. ही विमाने कराचीहून रात्री निघत, भारताच्या डोक्यावरून अंधारातून येत आणि बीदर, वरंगळ, हकीमपेठ इथे उतरत. आत बंदुका, दारूगोळा. भारतीय हवाई दलाकडे तेव्हा रात्री शत्रूचे विमान हुडकून पाडण्याची सोय नव्हती, हे कॉटनला पक्के ठाऊक होते. सगळे आटोपल्यावर लंडनच्या न्यायालयाने त्याला दंड केला तो दोनशे पौंड.

बीदर परिसरातल्या ज्या ज्या वृद्धांशी मी बोललो, त्यांनी त्या रात्रींच्या आवाजाचे वर्णन एकाच शब्दात केले: ‘गिरणी’. रात्री गिरणी आली. दिवे न लावता आली. माझ्या आजीला वाटले होते की आता गावावर काहीतरी पडणार. रझाकारांच्या भीतीने आमचे घर तेव्हा सोलापूरच्या बाजूला छावणीत निघून जाण्याच्या तयारीत होते. मामा सतरा वर्षांचे होते आणि बैलगाडीवर सामान चढवत होते.

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य आत शिरले. हवाई दलाच्या टेंपेस्ट विमानांनी बीदर आणि वरंगळच्या विमानतळांवर बाँब टाकून धावपट्ट्या निकामी केल्या. निजामाने ज्या इंग्रजांच्या विमानांसाठी तीस वर्षे पैसे मोजले, त्याच इंग्रजांच्या हॉकर कारखान्यात टेंपेस्ट तयार झाली होती. आणि निजामाकडे स्वतःचे म्हणावे असे एकही लढाऊ विमान नव्हते. ‘विश्वासू दोस्ता’ला फौज किती आणि कशी ठेवायची हे इंग्रजांनीच ठरवून दिले होते. १७ सप्टेंबरला सारे संपले. आपण तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतो आणि तो पाळलाच पाहिजे.

पण पुढचेही पान त्याच वहीतले आहे. कारवाईनंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत मुसलमानांच्या मोठ्या प्रमाणात कत्तली झाल्या. भारत सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने याच चार जिल्ह्यांची नावे सर्वांत होरपळलेले म्हणून घेतली आणि मृतांचा अंदाज किमान सत्तावीस हजार दिला. तो अहवाल दशकानुदशके कपाटात राहिला. मामांचे उस्ताद मूळचे बीदरकडचेच. त्यांच्या नात्यातले काही त्या दिवसांत गेले. मामांच्या चुलत्याला त्याआधी रझाकारांनी मारले होते. दोघे तीस वर्षे एकाच इंजिनाच्या दोन बाजूंना उभे राहून काम करीत आले. मी मामांना एकदा विचारले, ‘तुम्ही कधी बोललात का यावर?’ मामा म्हणाले, ‘त्यांना माझं ठाऊक होतं, मला त्यांचं. दुपारी डबा उघडला की ते आपली चटणी माझ्याकडे सरकवायचे. बोलायचं काय त्यात?’

१९४८ च्या त्या टेंपेस्ट विमानांचेही पुढे नवल झाले. हवाई दलाने ती मोडीत काढली आणि त्यांतली काही इंग्लंडच्या शौकिनांनी व संग्रहालयांनी परत नेली. लंडनच्या ज्या संग्रहालयात निजामाचे विमान आहे, त्याच संग्रहालयाच्या ताब्यात भारतीय हवाई दलातून गेलेले एक टेंपेस्टही आहे. आपल्याकडे एक टेंपेस्ट दिल्लीच्या पालम संग्रहालयात पाहायला मिळते. बीदरला मात्र यातले काहीही नाही. धावपट्टी तेवढी आहे.

त्या धावपट्टीवर हवाई दलाने १९६३ साली पुन्हा शिक्षणकेंद्र सुरू केले, आणि तिथे जी छोटी विमाने उडू लागली त्यांच्याविषयी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्यांचे नाव एच. टी. २. ते बनवले एका कोल्हापूरकराने. डॉ. विष्णू माधव घाटगे हे हसूरचे. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल या हवाई विज्ञानाच्या महागुरूंपाशी शिकून १९३६ साली डॉक्टरेट घेऊन आले. इकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारला सोबत घेऊन १९४० च्या डिसेंबरात बंगळूरला विमानांचा कारखाना काढला होता. घाटगे त्या कारखान्यात गेले. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत विमानविद्येचे शिक्षण सुरू करण्यातही त्यांचा वाटा होता. एच. टी. २ हे भारतात आराखडा होऊन तयार झालेले पहिले शिक्षण-विमान १९५१ च्या ऑगस्टमध्ये उडाले. दीडशेहून अधिक बनली, काही तर आफ्रिकेत घानाला गेली. मग घाटग्यांनी ‘किरण’ हे जेट शिक्षण-विमान आखले. ते १९६४ साली उडाले. १९९६ साली बीदरला ‘सूर्यकिरण’ हा कसरती पथक उभा राहिला तो याच किरण विमानांवर. म्हणजे आमच्या लहानपणापासून डोक्यावरून गेलेली विमाने सोलापूरकराने काढलेल्या कारखान्यात, कोल्हापूरकराने आखलेली, कर्नाटकच्या कामगारांनी घडवलेली होती. भाषेच्या नावाने आपण जे एकमेकांना बोलतो ते ऐकताना मला या विमानांची आठवण होते.

हे काम सुखाचे नाही. २००९ च्या जानेवारीत सूर्यकिरणचे एक विमान सरावात बीदरजवळ कोसळले आणि एका विंग कमांडरला प्राण गमवावे लागले. दुसऱ्या दिवशी शाळेत मुले गप्प होती. कालपर्यंत ती मैदानावर हात पसरून तीच कसरत करीत होती.

२००८ साली बीदरला हॉक ही नवी जेट विमाने आली. त्याच वर्षी मार्चमध्ये शमशाबाद सुरू होऊन बेगमपेठची नेहमीची प्रवासी वाहतूक थांबली. मामा तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. बेगमपेठ बंद झाल्याचे वर्तमानपत्रात वाचून ते एवढेच म्हणाले, ‘आता हुसेनसागरावरून वाऱ्याची दिशा कोण बघणार?’ पुढच्या पावसाळ्यात ते गेले. त्यांचा एक पाना माझ्याकडे आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत मी तो ठेवला आहे आणि तो वापरात आहे.

नांदेड जिल्ह्यातल्या मूळ घराण्याचे विवेक राम चौधरी २०२१ ते २०२४ हवाई दलाचे प्रमुख होते. २०१६ साली दुंडीगलच्या अकादमीतून लढाऊ विमानांसाठी पहिल्या तीन मुली बाहेर पडल्या आणि पुढचे शिक्षण घ्यायला बीदरलाच हॉकवर आल्या. त्या वर्षी आमच्या नववीच्या वर्गातल्या मुलींना त्या तिघींची नावे पाठ होती. विमान दिसले की ‘सर, ही तीच का?’ असे विचारून त्यांनी भूगोलाचा तास पुरता मोडून काढला होता.

गेल्या जूनमध्ये त्यांच्याच धाकट्या बहिणींच्या वयाची एक मुलगी ऑफिसात आली. दहावीला चांगले गुण, घरी मराठी, शाळेत कन्नड, रस्त्यावर दक्खिनी. वडील शेतकरी. तिला एनडीएची माहिती हवी होती. बारावीला भौतिक आणि गणित हवे, परीक्षा वर्षातून दोनदा, डोळ्यांची तपासणी आधीच करून घे, असे सगळे मी कागदावर लिहून दिले. सोबत आलेले आजोबा बराच वेळ ऐकत होते. शेवटी त्यांनी खिडकीतून वर बघत विचारले, ‘गुरुजी, रात्री बी उडवावं लागतंय का?’ मी म्हटले, लागते. ते म्हणाले, ‘मग दिवे लावून यायला सांगा तिला.’